बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

घर बदलणे आणि गाव बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बदलणारा माणूस फक्त भिंती मागे ठेवतो. गाव बदलणारा विहिरीचे पाणी, पायाखालचा रस्ता, चर्चच्या घंटेचा आवाज आणि हाक मारल्यावर ओ देणारा शेजार, एवढे सारे मागे ठेवून निघतो. आपल्या वसईत गाव बदलण्याचा प्रसंग एकेकाळी बहुधा मुलींवरच येई, आणि तोही लग्न होऊन चार-सहा मैलांवरच्या दुसऱ्या धर्मग्रामात जाण्यापुरता. पुरुषमाणसे पहाटेच्या गाडीने मुंबईला जात, भाजीच्या व फुलांच्या टोपल्या दादरला उतरवीत किंवा कचेरीतले आठ तास भरीत, आणि रात्री पुन्हा आपल्याच ओटीवर येऊन टेकत. आगगाडीने आपल्याला नोकरी दिली आणि गावही राखू दिले. ही सोय वसईच्या दोन-तीन पिढ्यांना लाभली. आजच्या तरुणांची कामे मात्र विरार-चर्चगेटच्या रुळांवर राहिलेली नाहीत. ती पुण्याला, बंगळूरला, आखातात आणि त्याही पलीकडे गेली आहेत. त्यामुळे 'कुठे राहावे?' हा प्रश्न, जो आपल्या वडिलांना आयुष्यात कधी पडलाच नाही, तो आता घरोघरी जेवणाच्या पाटाशी येऊन बसला आहे.

आमच्या घरी तो जानेवारी २०२४ मध्ये आला. मुलाला पुण्यात, खराडी भागातल्या एका कंपनीत काम मिळाले. सूनबाई परिचारिका आहे. तिलाही नगर रस्त्यावरच्या एका रुग्णालयात जागा मिळण्यासारखी होती. नात तीन वर्षांची. तिची शाळा जून २०२५ मध्ये सुरू व्हायची होती. म्हणजे विचार करायला वर्षभराचा अवधी होता. मुलाचे म्हणणे सरळ होते. भाडे म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा. त्यापेक्षा रस्त्याकडची दहा गुंठे वाडी विकावी, उरलेले कर्ज काढावे आणि पुण्यात स्वतःचे घर घ्यावे. मी निवृत्त शिक्षक. मुलाच्या संसारासाठी वाडी विकायला बाप तयार होणार नाही, असे कोण म्हणेल? पण ती वाडी सातबारावर माझ्या नावाची असली, तरी ती माझी एकट्याची आहे असे मी कधी मानले नाही. तिथल्या केळी वडिलांनी लावल्या, नारळ आजोबांनी, आणि बावखल कुणी खणले ते आजोबांनाही सांगता येत नसे.

माझी आई छ्याऐंशी वर्षांची आहे. तिला आम्ही सारा विचार सांगितला. ती एवढेच म्हणाली, "विकायची तर विका, मी अंगठा देईन. पण आधी तिथले पाणी पिऊन या."

हा सल्ला म्हातारपणीचा हट्ट नव्हता. पुढे वर्षभर पुण्याच्या वाऱ्या करताना त्याचा अर्थ मला हळूहळू उमगत गेला.

शिक्षकी सवयीप्रमाणे मी एक वही केली. उभ्या रकान्यांत वस्त्यांची नावे लिहिली: लष्कर-नाना पेठ, कोथरूड, बाणेर, पिंपरी-चिंचवड, हडपसर, विमाननगर, वडगाव शेरी, खराडी, वाघोली. आडव्या ओळींत प्रश्न लिहिले: भाडे, अनामत, विकत घेतल्यास दर, कामाचे अंतर, पाणी, दवाखाना, शाळा, चर्च, मराठी मिस्सा, आणि शेवटी 'शेजार'. सूनबाईने वही पाहिली आणि एक ओळ वाढविली: 'रात्रपाळीहून परत येतानाचा रस्ता'. पुरुषांच्या यादीत ही ओळ सहसा नसते. पण ज्या घरातली स्त्री कामावर जाते, त्या घराने ती पहिल्या क्रमांकावर लिहावी.

मे महिन्यात आम्ही उभयतां मुलाबरोबर पुण्यात चार दिवस हिंडलो. सुरुवात लष्कराकडून केली, कारण जुने ख्रिस्ती पुणे तिथे आहे. क्वार्टर गेटजवळ नाना पेठेत पवित्र गर्भसंभव मातेचे चर्च आहे. लोक त्याला सिटी चर्च म्हणतात. पेशव्यांच्या सैन्यात चाकरीला असलेल्या गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये या चर्चसाठी जागा दिली. वसईकराच्या मनात हे ऐकताना काहीतरी हलल्याशिवाय राहत नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, ती कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच पेशवाईने अवघ्या त्रेपन्न वर्षांनी आपल्या राजधानीत चर्चला जमीन द्यावी! इतिहास आपण समजतो तितका एकरेषीय नसतो. परक्या शहरात चाकरीसाठी आलेल्या त्या शिपायांनाही हाच प्रश्न पडला असेल: राहायचे कुठे, आणि प्रार्थनेला जायचे कुठे? त्यांनी दोन्ही प्रश्नांचे उत्तर जवळजवळ शोधले. पुढे इंग्रजांची छावणी आली, आयरिश शिपाई आले आणि १८५० मध्ये सेंट पॅट्रिकचे चर्च उभे राहिले. तेच आज पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे.

मन इथे रमले. पण वहीतले रकाने रमले नाहीत. लष्कर भागात भाड्याने मिळणाऱ्या जागा थोड्या आणि बहुतेक जुन्या. कुठे पाण्याची टाकी गळते, कुठे जिन्याच्या फळ्या हलतात. ज्या नव्या इमारती आहेत त्यांची भाडी आमच्या आवाक्याबाहेर. शिवाय एका घराचे पाच-पाच वारसदार आणि त्यांचे आपसांतले वाद; करार कुणाशी करायचा हेच कळेना. बायको म्हणाली, "इथे मिस्साला यायचे, राहायला नव्हे." तिचे म्हणणे मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

कोथरूडने मला मोह घातला हे कबूल करतो. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, ग्रंथालये, पुस्तकांची दुकाने, रस्त्यावर कानी पडणारे नितळ मराठी. मराठीच्या शिक्षकाला आणखी काय हवे! पण राहायचे मुलांना होते, मला नव्हे. कोथरूड शहराच्या पश्चिमेला, खराडी पूर्वेला. मार्च २०२४ मध्ये मेट्रोची वाट रामवाडीपर्यंत पोचल्यापासून कोथरूडच्या वनाझहून थेट नगर रस्त्यापर्यंत येता येते, ही मोठी सोय झाली खरी. तरी रामवाडीला उतरून पुढे खराडीपर्यंत बस किंवा रिक्षा शोधावी लागते. मुलाने एक दिवस सकाळी प्रत्यक्ष जाऊन पाहिले. दारापासून दारापर्यंत सव्वा तास लागला. विरारच्या गाडीत आम्ही याहून अधिक वेळ काढला आहे, पण मुलगा म्हणाला, "पप्पा, तुमच्यासारखा प्रवास करायचा असता तर मी वसईतच राहिलो असतो." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बाणेर-बालेवाडीकडे उंच इमारती आणि रुंद रस्ते दिसले. हा भाग हिंजवडीत काम करणाऱ्यांना सोयीचा, आम्हांला नव्हे. पिंपरी-चिंचवड ही कामगारांनी वसविलेली नगरी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढे मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले, आणि देशभरातून कामगार येऊन स्थायिक झाले. त्यांत केरळी, तमिळ, गोवेकर, नगर-संभाजीनगरकडचे मराठी ख्रिस्तीही होते. इथली भाडी पुण्याच्या मानाने सुसह्य, रस्ते मोकळे. भोसरी-चाकणकडे नोकरी असती तर मी दुसरीकडे पाहिलेही नसते. यावरून एक साधी गोष्ट ध्यानात आली. कोणतीही वस्ती मुळात स्वस्त किंवा महाग नसते. कामाच्या जागेपासून तिचे अंतर मोजल्यावरच तिचा खरा भाव कळतो.

हे अधिक स्पष्ट झाले ते वाघोलीत. खराडीच्या पुढे, नगर रस्त्यावर वाघोली आहे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावे घेतली गेली त्यांत तिचाही समावेश झाला. तिथे दोन शयनगृहांची नवी कोरी जागा आम्हांला महिना १८ हजारांत मिळत होती. वडगाव शेरीत तशीच, पण जुनी जागा २६ हजारांना, खराडीत ३५ ते ३६ हजारांना, विमाननगरात त्याहूनही अधिक. कुणालाही वाटेल की वाघोलीत महिना ८ हजार वाचले. पण आम्ही रात्री बसून हिशेब मांडला. मुलाचे पेट्रोल सुमारे ३ हजारांनी वाढणार, सूनबाईला रात्रपाळीच्या दिवसांत रिक्षा करावी लागणार ती ३ हजार, नातीच्या शाळेची बस दीड हजार. साडेसात हजार तिथेच गेले. उरले पाचशे रुपये, आणि त्या पाचशे रुपयांसाठी दोघांचे मिळून रोज दोन-अडीच तास रस्त्यावर. शिवाय ज्या इमारती आम्ही पाहिल्या, तिथे पाण्यासाठी टँकर येत होते आणि त्यांचा खर्च देखभालीच्या वर्गणीत वेगळा पडत होता. आईचे वाक्य मला पहिल्यांदा आठवले ते तिथे, टँकरच्या नळीखाली ओळीने ठेवलेल्या पिंपांकडे पाहताना.

वसईच्या माणसाला पाण्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या वाड्यांच्या विहिरींतले पाणी टँकरने उपसून शहराकडे गेले, ते दिवस आपण पाहिले आहेत. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. त्या काळात हिरव्या वसईसाठी झालेले आंदोलन आपल्यापैकी अनेकांनी अंगावर घेतले आहे. म्हणून पुण्यात प्रत्येक ठिकाणी मी आधी पाण्याची चौकशी केली. नळाचे पाणी दिवसातून किती वेळ येते? टँकर उन्हाळ्यातच लागतो की बारमाही? त्याचा खर्च कोण देतो? दलालाला हे विचारू नये, इमारतीच्या पहारेकऱ्याला आणि जिना झाडणाऱ्या बाईला विचारावे. ती माणसे खरे सांगतात. वडगाव शेरी, खराडी या पूर्वेकडच्या भागांना २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचे पाणी मिळू लागले आहे. ते सर्व इमारतींना सारखे पोचते असे नाही. पण विचारपूस करण्याजोगा फरक त्याने पडला आहे.

मे महिन्यात पाण्याची टंचाई दिसते; पाण्याचा लोंढा पाहायचा तर जुलैत जावे लागते. म्हणून दुसरी फेरी आम्ही जुलैअखेर ठरविली होती. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने मुठेला पूर आला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा अर्धे पुणे असेच नदीने धुऊन नेले होते, आणि त्या आपत्तीतूनच शहराच्या कितीतरी नव्या वसाहती जन्माला आल्या. योगायोग असा की त्याच २५ जुलैला इकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवर्तले. जमीन आणि पाणी हे केवळ मालमत्तेचे विषय नसून श्रद्धेचेही विषय आहेत, हे ज्यांनी आम्हांला रस्त्यावर उतरून शिकविले, ते गेले. आणि माझ्या हातातल्या वहीत वाडीच्या विक्रीचा आकडा लिहिलेला होता. पुण्याची फेरी आम्ही आठवडाभर पुढे ढकलली. तो आठवडा मी वाडीत पुष्कळ हिंडलो.

आता त्या आकड्याविषयी. खराडीत बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत ९० लाखांचे घर मुलाने पसंत केले होते. ९० लाख ही केवळ सुरुवात असते. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणीचे ३० हजार. अपुऱ्या बांधकामावर ५ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे साडेचार लाख. झाले एक कोटी एक लाख दहा हजार. घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतल्यास मुद्रांकात एक टक्क्याची सवलत मिळते, ती वजा धरली तरी शंभर लाखांच्या पुढेच. वाडीचे ४० लाख, आमची दोन्ही पिढ्यांची शिल्लक मिळून ११ लाख आणि उरलेले ५० लाख कर्ज, असा मेळ मुलाने घातला होता.

साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर ५० लाखांचा मासिक हप्ता ४३ हजार ३९१ रुपये होतो. वीस वर्षांत फेड एक कोटी चार लाखांहून अधिक. पण मला अधिक बोलका वाटला तो पहिला हप्ता. त्यातले सुमारे ३५ हजार ४०० रुपये निव्वळ व्याज असते. मुद्दल फिटते ते आठ हजारांनाही थोडे कमी. मी मुलाला म्हणालो, "भाडे म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा, हे तुझे म्हणणे क्षणभर खरे मानू. मग बँकेला दिलेले हे ३५ हजार कुठे टाकलेले म्हणायचे? वडगाव शेरीच्या घरमालकाला तर २६ हजारच द्यायचे आहेत." तो हिशेबी मुलगा आहे. त्याने कागद जवळ ओढला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण घराची किंमत वाढेल ना?" वाढेलही. वाडीचीही वाढेल. फरक एवढाच की वाडी एकदा गेली की परत येत नाही. पुण्यात घरे पुढच्या वर्षीही विकायला असतील.

याच संदर्भात हडपसरची मगरपट्टा नगरी मी मुद्दाम पाहून आलो. तिथल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपल्या चारशेहून अधिक एकर जमिनी बिल्डरांना तुकड्या-तुकड्यांनी न विकता एकत्र केल्या, सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची कंपनी काढली आणि २००० सालापासून त्यावर स्वतःच नगर वसविले. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला त्या कंपनीत हिस्सा मिळाला. त्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून चालताना मला आपल्या गावांतल्या चाळी आठवल्या. आपणही शेतकरीच होतो. आपण एकेकट्याने विकले. एकाच्या विक्रीने दुसऱ्याची विहीर खारावली, दुसऱ्याच्या विक्रीने तिसऱ्याची वाट बंद झाली. मगरपट्ट्यात सारे गोमटे आहे असे मी म्हणत नाही, शेत तर तिथेही गेलेच. पण जमीन देताना सगळ्यांनी मिळून विचार केला, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

शेजाराचा रकाना भरणे सर्वांत अवघड. एका चांगल्या वसाहतीत जागा पसंत पडली, भाडेही जमले. इतक्यात तिथल्या व्यवस्थापकाने नम्रपणे विचारले, "आपण शाकाहारी ना?" माझ्या पत्नीने तितक्याच नम्रपणे उत्तर दिले, "उपवासकाळात विचारलेत तर हो. ईस्टरनंतर विचारलेत तर नाही." तो गृहस्थ हसला, पण जागा आम्हांला मिळाली नाही. कारण कुणी कागदावर लिहून देत नाही. फोन उचलणे बंद होते एवढेच. परतताना सूनबाई गप्प होती. बाजारातून सुकट विकत घेताना आसपास पाहावे लागेल अशा घरी तिला राहायचे नव्हते, आणि तिचे बरोबर होते. घर घेताना लोक भिंतीची जाडी पाहतात. वासामुळे शेजारी तोंड फिरवतील का, हेही पाहून घ्यावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पवित्र कुटुंब मिसरातून परतते तो प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. योसेफाला यहूदियात जायचे असते. पण तिथे अर्खेलाव राज्य करतो आहे हे ऐकून तो बिचकतो आणि गालीलात, नासरेथला बिऱ्हाड करतो. देवदूत स्वप्नात वाट दाखवीत होता, तरी योसेफाने आपल्या डोळ्यांनी आणि कानांनी चौकशी करायची ती केलीच. तिथे अधिकार कोणाचा आहे, बायको-लेकराला धोका काय आहे, हे पाहिले. राजधानी जवळ असूनही त्याने आडगाव निवडले. नव्या शहरात घर शोधणाऱ्या कुटुंबप्रमुखाला याहून चांगला सोबती मिळणार नाही असे मला वाटते.

ऑगस्टमध्ये आम्ही वडगाव शेरीची जागा ठरविली. इमारत तीन मजली, जुनी, लिफ्ट नाही. पण नळाला पाणी येते. चर्च चालत पंधरा मिनिटांवर. रामवाडीची पेपल सेमिनरी जवळ. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलेल्या या संस्थेत देशभरातले किती तरुण धर्मगुरू होण्यासाठी शिकून गेले, त्यांत आपलेही आहेत. रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटे, रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत दिवे आणि दुकाने. चर्चच्या फलकावर इंग्रजी मिस्सांच्या वेळांखाली मराठीची एक ओळ दिसली तेव्हा पत्नीने ती बोट ठेवून दोनदा वाचली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले, "पापलेट मिळते का हो तुमच्याकडे ताजे?" शेजाराचा रकाना त्या प्रश्नाने भरला.

करार अकरा महिन्यांचा केला. अनामत एक लाख. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी करून नोंदवावाच लागतो, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. मुद्रांकाच्या कागदावर सह्या घेऊन 'चालते हो' म्हणणारे दलाल भेटतात. त्यांना नाही म्हणावे. आणि विकत घेणाऱ्यांनी १ मे २०१७ पासून सुरू झालेल्या महारेराच्या नोंदींत त्या इमारतीचा क्रमांक, पूर्णत्वाची तारीख आणि प्रत्यक्ष वापरायचे क्षेत्रफळ स्वतः पाहावे. छापील चित्रातली बाग नोंदीत असतेच असे नाही.

मृतात्म्यांचा दिवस आपल्या दफनभूमीत साजरा करून नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलगा, सून आणि नात पुण्याला गेली. आम्ही दोघे महिन्यातून आठवडाभर जातो. आई येत नाही. "तिथे तुम्हांला सगळे मिळेल," ती म्हणाली, "पण मला लागणार ती सहा फूट जागा इथेच आहे." मोठ्या शहरांच्या दफनभूमींत जागेची किती टंचाई आहे ते आपण जाणतो, तेव्हा या बोलण्यात भावनेइतकाच व्यवहारही होता. मी पहिल्या खेपेला तिच्यासाठी वडगाव शेरीच्या नळाचे पाणी बाटलीत भरून आणले. तिने घोटभर प्यायले, चव घेतली आणि म्हणाली, "चालेल. पण उकळून घ्या." पुढे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले, तेव्हा मुलाने आपण होऊन फोन करून सांगितले की पाणी उकळूनच पितो आहोत, आजीला कळवा.

वाडी अजून आहे. ती कायमची राहील असे वचन मी देऊ शकत नाही; मुलाने तीन वर्षे भाड्याने राहून, हप्ता आणि भाडे यांतला फरक बाजूला टाकून, मग पुन्हा वही उघडायचे ठरविले आहे. तेव्हा कदाचित वाडी विकावी असेही ठरेल. पण तो निर्णय घाईचा नसेल, दलालाचा नसेल आणि एकट्याचाही नसेल. ज्या कुटुंबांत आज अशीच बोलणी चालू आहेत त्यांना माझी विनंती एवढीच: ते शहर उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा पाहा, कामावरच्या वेळेला त्या रस्त्याने स्वतः जाऊन या, घरातल्या स्त्रियांना त्यांची ओळ वहीत लिहू द्या, रविवारी तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐका आणि बाहेर पडताना कुणी 'नवीन का?' म्हणून विचारते का ते पाहा. आम्हांला विचारले. एका वृद्ध बाईंनी विचारले, आणि वसईचे म्हटल्यावर त्यांनी लगेच पुढच्या आठवड्याच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रार्थनेचे घर आणि वेळ सांगितली. सूनबाईने ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.